हवा जास्त, पेट्रोल कमी

आमच्या घरात पहिली मोटरसायकल पप्पांनी आणली नाही, माझ्या आत्याने आणली. घाटकोपरच्या ज्या टेकाडावर आजोबांनी गिरणीत असताना एक खोली घेतली होती, तिथे तोवर सात मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली होती आणि आम्ही तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. आम्ही म्हणजे पप्पा, आई, मी आणि पप्पांची धाकटी बहीण शालूआत्या. आत्याने लग्न केलं नव्हतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि तिला विचारायची कुणाची टाप नव्हती. ती आरे कॉलनीतल्या एका कचेरीत नोकरीला होती. गोठ्यांवर जायचं, म्हशी मोजायच्या, आजारी किती, गाभण किती ते लिहून आणायचं, हे तिचं काम. गोठे एकमेकांपासून लांब लांब, मधे झाडी, आणि बस आली तर आली. वर्षानुवर्षं ती हे सगळं चालत करत होती. मग एका रविवारी ती ऑफिसातल्या कुणाचीतरी जुनी मोटरसायकल घेऊन बिल्डिंगच्या गेटात शिरली. अंगावर अबोली रंगाची साडी, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती खाली बघून एवढंच म्हणाली, "शालूताई आल्या वाटतं. वडे तळायला घेते."

आमच्या घरातल्या आवाजांबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमचं घर बोलण्याच्या बाबतीत गप्प होतं आणि बाकी सगळ्या बाबतीत गोंगाटाचं. सकाळी पाण्याची मोटर, मग मिक्सर, मग खलबत्ता, कारण आईचा मिक्सरवर विश्वास नव्हता. ती आधी मिक्सरमध्ये वाटायची आणि मग तेच पुन्हा खलायची. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई दिवसभर दरवाजा बंद करायला सांगायची. पप्पा एका औषध कंपनीत स्टोअरकीपर होते, पण त्यांचा खरा जीव सोसायटीच्या सेक्रेटरीपदात होता. घरी ते फार बोलत नसत. जे काही बोलायचं ते नोटीस बोर्डावर लावून मोकळे होत. बहिणीशी तर त्यांचं बोलणं जेवणाच्या ताटापुरतं उरलं होतं. "भात?" "नको." "मासा?" "शेपटी दे." भांडण वगैरे काही नव्हतं. मोठी भावंडं कधीकधी अशी बोलायची थांबतात, आणि थांबलोय हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

आत्याला ऐकू कमी येतंय हे घरात फक्त मला कळलं, आणि तेही त्या मोटरसायकलमुळे. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. पहिल्यांदा तिच्या मागे बसून निघाले तेव्हा गाडी चालूच होती आणि आत्याने पुन्हा स्टार्टर दाबला. गाडीतून खर्रर्र असा आवाज आला, दात खाल्ल्यासारखा. सिग्नलला गाडी बंद पडली तर तिला कळलंच नाही. ती बंद गाडीचा अॅक्सिलरेटर पिळत बसली, आणि मागचा रिक्षावाला तिच्या घराण्याबद्दल जे बोलला तेही तिला कळलं नाही. मी ओरडून सांगितलं तेव्हा तिने मान वळवली आणि माझ्या ओठांकडे पाहिलं. त्या क्षणी मला बऱ्याच गोष्टी उलगडल्या. ती कुकरची शिट्टी ऐकत नव्हती, वर उडणारं वजन बघत होती. ती प्रत्येकाला "बरं बरं" म्हणायची, कारण बहुतेक प्रश्नांना ते उत्तर चालतं.

साकीनाक्याला तिने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "स्मिते, दादाला सांगू नकोस."

"अगं पण डॉक्टरला तरी दाखव."

"दाखवलंय. कानातलं हाड कडक होत चाललंय म्हणाला. हळूहळू जाणार. मशीन लाव म्हणाला." तिने हेल्मेटची पट्टी सोडली आणि परत लावली. "ऑफिसात कळलं तर मला गोठ्यांवर पाठवणार नाहीत. टेबलाला बांधून ठेवतील. आणि दादाला कळलं तर तो नोटीस बोर्डावर लावेल."

हे तिने विनोद म्हणून सांगितलं नव्हतं.

गाडीवर तिने स्वतःच उपाय शोधून काढला होता. गाडीचा आवाज ऐकू येत नाही ना, मग गाडीचाच आवाज वाढवायचा. साकीनाक्याच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा काय वाटेल ते बनवून मिळायचं. तिथे जोसेफ नावाचा एक माणूस होता, तो फक्त सायलेन्सर बनवायचा. त्याने आत्याच्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काढला आणि स्वतः बनवलेला लावला, चांगला दुधाच्या किटलीएवढा जाड, चकचकीत. गाडी चालू केली तर समोरच्या दुकानातल्या काचा थरथरल्या. आत्याने सीटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच म्हणाली, "झाली चालू." तिला तो आवाज थोडा कानात आणि बाकीचा सगळा हाडांत ऐकू येत होता. ती इतकी खूश झाली की तिने जोसेफलाच चहा पाजला.

पण घाटकोपरला पोहोचेपर्यंत गाडीने रंग दाखवला. चढावर ती अडखळू लागली, मागून कुणीतरी पदर ओढल्यासारखी. आणि उतारावर आत्याने अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट् फट् फटाक असे बार निघायचे, लवंगी माळेत मधेच एखादा सुतळी बॉम्ब असावा तसे. रस्त्यावरची माणसं खाली वाकायची. एका भाजीवाल्याने टोपली टाकून धूम ठोकली. हे सगळं आत्याच्या गावीही नव्हतं. ती ताठ बसून चालवत होती आणि आरशातून मला विचारत होती, "लोक असे काय बघतायत गो?"

आम्ही दुसऱ्या दिवशी जोसेफकडे परत गेलो. तो हात पुसत म्हणाला, "मॅडम, बाहेर जानेवाला धूर माझा. आत जाणारं पेट्रोल माझं डिपार्टमेंट नाही." त्याने शेजारच्या गल्लीत कार्ब्युरेटरवाल्याकडे पाठवलं. कार्ब्युरेटरवाल्याने सायलेन्सरकडे बघूनच मान हलवली. बाहेरचा सायलेन्सर लावलेल्या गाडीला तो हात लावत नव्हता. त्याचं म्हणणं, आधी सायलेन्सर काढा, मग मी कार्ब्युरेटर नीट करतो. आम्ही म्हटलं, सायलेन्सर काढला तर कार्ब्युरेटर नीटच आहे. तो म्हणाला, "मग प्रॉब्लेम काय आहे?" 

एवढं मात्र त्या दोघांच्या बोलण्यातून आमच्या हाती लागलं. नव्या सायलेन्सरमधून धूर मोकळा सुटतो, म्हणून इंजिन जास्त हवा ओढतं. पेट्रोल मात्र पहिल्याएवढंच येतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. उपाशीपोटी चिडलेल्या माणसासारखं इंजिन मग फटफट करतं. पेट्रोल वाढवायचं तर कार्ब्युरेटरमधला जेट बदलायचा. जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा, त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. भोक मोठं, पेट्रोल जास्त. पण किती मोठं, हे कुणी सांगू शकत नव्हतं. ते लावून, चालवून, काढून बघायचं असतं. आत्याने वेगवेगळ्या भोकांचे जेट पुडीत बांधून घेतले, एक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि म्हणाली, "म्हैस कधी आजारी आहे ते मला कळतं. हे यंत्र काय मोठं लागून गेलंय."

हल्ली माझ्या मावसबहिणीचा मुलगा त्याच्या गाडीचं पेट्रोल फोनवरून कमीजास्त करतो. गाडीत कॉम्प्युटर असतो, त्यात नवा हिशेब भरला की झालं. मी त्याला आमचे पुडीतले जेट सांगितले तर त्याने मला अश्मयुगातून आल्यासारखं पाहिलं. मग त्याची गाडीही मुलुंडच्या उड्डाणपुलावर फटाफट वाजली आणि मला फार समाधान वाटलं.

जेट बरोबर बसला की नाही हे ओळखायची एक रीत असते. गाडी पूर्ण वेगात पळवायची, पळतानाच इंजिन बंद करायचं आणि लगेच इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी. काळा कुळकुळीत असेल तर जास्त. मधला बदामी हवा. आम्ही भल्या सकाळी आरेत जायचो, आत्याच्या ऑफिसच्या वेळेआधी. तिथला एक लांब, सरळ रस्ता रिकामा असायचा. दोन्हीकडे झाडं, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास, आणि लांबून गोठ्यांमधल्या बादल्यांचा आवाज. मी मागे बसायचे, कारण फट् वाजलं की नाही ते मलाच ऐकायचं होतं. आम्ही खुणा ठरवल्या. फट् वाजलं की खांद्यावर एक थाप. गाडी अडखळली की दोन. आणि सगळं मस्त चाललं असेल तर खांदा थोपटत राहायचं, म्हणजे सोड, अजून पळव.

काढलेले प्लग मी रुमालात गुंडाळून घरी आणायचे, कारण कुठला रंग बदामी आणि कुठला तपकिरी यावर आमचं दोघींचं एकमत होत नसे. आत्या ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडून ठेवायची. आई एकदा वाटपासाठी खोबरं भाजत होती. तिने उलथनं हातात घेऊनच प्लग बघितले आणि म्हणाली, "हे कच्चं राहिलंय. हे करपलं. याचं सार कडू होईल." त्या दिवसापासून आमचे प्लग आईच्या कढईशेजारी तपासले जाऊ लागले. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नाही की हे कशाचे आहेत. बांगड्याच्या कालवणाला जसं खोबरं लागतं तसं होईपर्यंत थांबायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आमचं मिश्रण जुळेपर्यंत सोसायटीचं मात्र बिनसत गेलं. मुख्य तक्रार चौथ्या मजल्यावरच्या छेडाकाकांची होती. छेडाकाका साडीच्या दुकानातून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. ते पहाटे गॅलरीत प्राणायाम करायचे. आत्या सकाळी गेटाच्या उतारावरून खाली जायची नेमकी त्याच वेळी. सोसायटीच्या खास सभेत ते उठून म्हणाले, "मी श्वास आत घेतो, धरतो, आणि खाली फट् होते. मग सुटून जाते. आज किती दिवस झाले, मी पूर्ण श्वास सोडलाच नाही. माझा श्वास आता बेनच्या क्लचवर चालते." कुणी हसलं नाही. डॉक्टरांना दाखवा असं एकाने सुचवलं. काका म्हणाले, दाखवलं, डॉक्टर म्हणतात बाईक बदला.

पप्पा टेबलामागे बसले होते. घरातली तक्रार, घरातलीच गुन्हेगार आणि घरातलाच सेक्रेटरी. पण पप्पांची न्यायबुद्धी फार कडक. त्यांनी आदल्या आठवड्यात आमच्या घराला नोटीस काढली होती. स्वतः टाइप केली, वॉचमनकडे दिली, वॉचमनने बेल वाजवली, पप्पांनी दार उघडून ती घेतली, सही केली आणि आत येऊन आत्यासमोर ठेवली. आत्या वाचून म्हणाली, "बरं बरं."

सभेत ठरलं ते असं, की सेक्रेटरींनी स्वतः त्या गाडीवर बसून पाहणी करावी आणि अहवाल द्यावा. आवाज थांबला नाही तर गाडीला गेटाच्या आत बंदी. बाहेर रस्त्यावर गाडी ठेवायची तर ती रातोरात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे गाडी गेली. आणि गाडी गेली की आत्या परत पायी, आणि त्या वेळेपर्यंत तिचे गुडघेही कानांच्या वाटेने निघाले होते.

मी आत्याला जिन्यात गाठून ओठ हलवत सांगितलं. ती शांत होती. म्हणाली, "उद्या सकाळी नवा मोठा जेट लावूया. दादा येऊ दे मागे. तू टोकाला उभी राहा आणि ओढणी हलव, म्हणजे मी इंजिन बंद करेन."

"आणि तो मागून काही बोलला तर?"

"तो कधी बोलतो?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पप्पा पाहणीसाठी तयार झाले ते इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन आणि काखेत सोसायटीची निळी फाइल घेऊन. मी रिक्षाने पुढे गेले आणि सरळ रस्त्याच्या वरच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तिथे पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आज रस्ता रिकामा नाही. मधल्या स्पीडब्रेकरच्या अलीकडे, झाडीत, एक अख्खं सैन्य बसलं होतं. आरेत शूटिंग नेहमीचंच, त्यामुळे मला धक्का बसला नाही, काळजी तेवढी वाटली. कुठल्यातरी राजाची मालिका असावी. पन्नास-साठ माणसं, अंगात अंगरखे, हातात लाकडी तलवारी आणि भाले, आणि बरेच जण कागदी बशीत उपमा खात होते. झाडाखाली एक लहानशी तोफ ठेवली होती. टोकापर्यंत फिरत आलेल्या एका शिपायाला मी विचारलं. त्याने चिकटवलेली मिशी एका बोटाने दाबून धरत सांगितलं की तोफेचा बार झाला की सगळ्यांनी आरडाओरडा करत रस्त्याने वर धावायचं, पण बार काही उडत नाहीये, दारू सादळलीय, पहाटेपासून बसलोय.

मी त्याला सावध करणार होते. पण खालून तो ओळखीचा गडगडाट यायला लागला होता.

पुढचं सगळं मी टोकावरून पाहिलं. आत्या खालच्या बाजूने आली, स्पीडब्रेकर दिसल्यावर तिने अॅक्सिलरेटर सोडला, आणि सायलेन्सरने आपलं काम चोख केलं. फट् फट् आणि मग असा एक फटाक, की झाडावरचे बगळे उडाले. मग झाडीतून सैन्य उठलं. उपम्याच्या बश्या हवेत गेल्या. मारा, कापा करत पन्नास-साठ माणसं रस्त्यावर आली आणि गाडीच्या मागे धावायला लागली.

पप्पांनी मागे वळून पाहिलं. त्यांनी आयुष्यात पाणी गळती, पार्किंग आणि टाकीतलं शेवाळ यांच्याशी सामना केला होता, तलवारी घेतलेल्या माणसांशी कधी नाही. ते ओरडत होते, ते मला लांबून दिसत होतं. "थांब! शाले, थांब!" आत्याला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. एका हातात फाइल होती, म्हणून पप्पांनी दुसऱ्या हाताने तिचा खांदा धरून हलवला, मग थोपटला, मग घाबरून थोपटतच राहिले. आणि थोपटत राहणं म्हणजे आमच्या खुणेत मस्त, सोड, अजून पळव.

आत्याने सोडली. नवा जेट बरोबर बसला होता हे मला त्या क्षणी कळलं, कारण गाडी एकदाही अडखळली नाही. ती चढावर अशी आली की पप्पांची टाय नसतानाही टाय उडाल्यासारखी वाटली. फाइल उघडली आणि सोसायटीचे कागद रस्ताभर उधळले गेले. मागून धावणारं सैन्य ते कागद तुडवत येत होतं. पप्पा जेवढे घाबरत तेवढे जोरात थोपटत, आणि जेवढे थोपटत तेवढी आत्या पळवत होती. तिच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता.

मी ओढणी हलवली. तिने क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि गाडी माझ्या पायाशी आणून उभी केली. मग ती उतरली, हेल्मेट काढून पदराने घाम पुसला आणि लगेच रुमाल घेऊन प्लग काढायला बसली, कारण प्लग गरम असतानाच बघायचा असतो.

पप्पा उतरले. सैन्य निम्म्या वाटेत दमून थांबलं होतं, काहीजण गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. पप्पा आत्याच्या पाठीमागे उभे राहून बोलायला लागले. सेक्रेटरी म्हणून नव्हे, भाऊ म्हणूनच बोलत होते, आणि बऱ्याच वर्षांचं साचलेलं होतं. "शाले, मी थांब म्हणतोय तर तू पळवतेस? मेलो असतो. तुझं नेहमीचं हेच. आई आजारी होती तेव्हासुद्धा तू माझं ऐकलं नाहीस. कधीच ऐकत नाहीस माझं." आत्या पाना फिरवत होती. तिने मान वर केली नाही. पप्पा आणखी मोठ्याने बोलले. मग थांबले. मी बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू कुठेतरी निघून गेला. ते एक पाऊल मागे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "शाले." मग त्याहून हळू, लहानपणी घरात तिला जे म्हणत ते, "चिमणे." आत्या प्लग फिरवत राहिली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. तेवढं त्यांना पुरलं.

आत्याने प्लग काढला, उजेडात धरला आणि वळून त्यांच्यापुढे केला. "बघ दादा. रंग बघ. वहिनीचं खोबरं."

पप्पांनी तो प्लग कितीतरी वेळ पाहिला. त्यांचे डोळे भरले होते, त्यामुळे रंग दिसत असेल असं मला वाटत नाही. मग त्यांनी तिच्या तोंडासमोर येऊन, प्रत्येक शब्द सुटा करत, पूर्ण आरेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "छान. भाजलंय."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ती मला फाडून खाणार. पण ती पप्पांना म्हणाली, "ओरडतोस कशाला? माका काय धाड भरली?" आणि नाक ओढून प्लग पुसायला लागली.

तेवढ्यात कानाला वॉकीटॉकी लावलेला एक पोरगेला असिस्टंट धावत आला. पप्पा भांडायच्या तयारीत होते, पण तो हात जोडून म्हणाला, "अंकल, टेक एकदम झकास झाला, फक्त कॅमेऱ्यात बाईक आलीय. तोफ फुटत नाहीये. मॅडम तो आवाज परत काढतील का? झाडामागे उभं राहून?"

पप्पा त्याला अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "आम्ही तो आवाज बंद करायलाच आलोय."

"बंद करा ना, अंकल. शॉट झाल्यावर करा."

आत्याला मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, पूर्ण वेगातलं पेट्रोल जमलंय, फटफट अॅक्सिलरेटर सोडल्यावर होते, म्हणजे आता खालचा छोटा स्क्रू राहिला. तो नंतर फिरवला तरी चालेल. मग आम्ही झाडामागे गाडी नेली. आत्या गाडी रेस करायची, सोडायची, फटाक वाजायचं आणि सैन्य धावायचं. पप्पांना कुणीतरी खुर्ची दिली, उपमा दिला. ते उरलेली फाइल मांडीवर घेऊन बसले आणि पुढच्या प्रत्येक बारानंतर मान डोलवत राहिले. ती मालिका कधी लागली, लागली की नाही, मला माहीत नाही. पण त्या राजाच्या तोफेचा आवाज माझ्या आत्याचा होता.

शॉट संपल्यावर आम्ही तो स्क्रू फिरवला. थोडा थोडा, आणि मी ऐकत गेले. एक वेळ अशी आली की आत्याने अॅक्सिलरेटर सोडला आणि काहीच झालं नाही. गाडी नुसती खोल आवाजात खाली आली, मोठं माणूस खुर्चीत सावकाश बसतं तशी. चिकटवलेल्या मिशीचा शिपाई म्हणाला, "अब मजा नहीं आया."

संध्याकाळी सभा झाली. पप्पांचे अर्धे कागद आरेत राहिल्यामुळे ते तोंडीच बोलले. बार निघणं बंद झालं आहे, ते म्हणाले. गाडीचा आवाज आहे तेवढा राहील. छेडाकाकांनी विचारलं की मग जुना सायलेन्सर का लावत नाही? पप्पा म्हणाले, "सेक्रेटरी म्हणून सांगतो, फटफट थांबली, तक्रार मिटली. भाऊ म्हणून मला काही सांगायचं नाही." छेडाकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सभेतच डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, धरला आणि सावकाश सोडला. कुठूनही काही वाजलं नाही. "चालेल," ते म्हणाले.

त्यानंतर रविवारी पप्पा आत्याच्या मागे बसून कुठेही जायला लागले. मासे आणायला, कुणाला भेटायला, काही काम नसताना नुसतंच पवईपर्यंत. गाडीवर बसलं की सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे तिथे तिला मोठ्याने बोला असं कुणाला सांगावं लागत नसे. पप्पा वर्षभराचं बोलणं त्या सीटवर करून टाकत. आजोबांबद्दल, गावच्या घराबद्दल, त्यांच्या साहेबांच्या मूर्खपणाबद्दल. दोघं गेटात शिरेपर्यंत सगळ्या बिल्डिंगला आमच्या घरातलं सगळं कळलेलं असायचं. आईने गॅलरीतून कितीदा सांगितलं, हळू बोला, पण तेव्हा ते कुणालाच ऐकू यायचं नाही.

मशीन लावायला आत्या पुढे तयार झाली, ती पप्पांमुळेच. ते तिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेले, तासभर बाहेर बाकावर बसून राहिले. मशीन कानात बसवून दोघं गाडीवरून घरी निघाले. अंधेरीच्या एका सिग्नलला फार गर्दी होती, म्हणून आत्याने गाडी बंद केली. आणि तिला मागून काहीतरी ऐकू आलं. तिने आधी मशीन बिघडलं असं समजून ते बोटाने दाबून बघितलं. मग कळलं की पप्पा गातायत. नाकातल्या नाकात, भजनातली कुठलीतरी ओळ, डोळे मिटून. इतके रविवार ते तिच्या मागे बसून गात आले होते आणि कुणालाही पत्ता नव्हता.

"दादा, तू गातोस?" तिने विचारलं.

पप्पांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "तुला ऐकू आलं?"

"आलं. सूर लागत नाही तुझा."

हे आत्याने त्या दिवशी जेवताना सांगितलं. पप्पा ताटाकडे बघत माशाचे काटे काढत होते, आणि आपण गात नव्हतो, घसा साफ करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आईने विचारलं, "मग काय केलंत तुम्ही, शालूताई?"

"काय करणार," आत्या म्हणाली. "म्हटलं थांब, गाडी चालू करते. मग गा."

पप्पांनी तिच्या ताटात माशाची शेपटी वाढली आणि म्हणाले, "हिरवा झाला होता सिग्नल, म्हणून चालू केलीस."